विश्लेषण : चादर ‘सोलापुरी’च आहे, हे क्रमांक कसा सांगणार? ‘रँडम’ ओळख क्रमांकांमागचे गणित काय?

दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक आला, औषधाच्या पाकिटावर क्यूआर कोड आला, कोल्हापुरी चपलेलाही तो मिळाला. सोलापुरी चादरीला अशी ओळख द्यायची झाली, तर क्रमांक तयार करणारी प्रोग्रॅममधली एक ओळ निर्णायक ठरते. ती चुकली, तर बनावट माल रोखण्यासाठी उभारलेली यंत्रणाच बनावट मालाला ‘अस्सल’ म्हणून मोकळी होईल.

आताच हा विषय का?

२०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि वाद पेटला. त्यानंतर संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, कोल्हापुरी चपलेसोबत क्यूआर कोड देण्याचे पाऊल उचलले. कोड स्कॅन केला की चप्पल कोणी, कुठे व कशापासून बनवली याची माहिती दिसावी, असा त्यामागचा हेतू. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना आहे आणि त्या आठांत सोलापूरही आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

सोलापूरची स्वतःची ओळख मात्र चादर आणि टॉवेल. भौगोलिक मानांकन मिळालेल्या राज्यातील अगदी सुरुवातीच्या उत्पादनांत या दोन्हींचा समावेश होतो. तरीही परराज्यांत बनलेला स्वस्त माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून विकला जातो, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. मानांकन मिळते ते नावाला व प्रदेशाला. दुकानात समोर पडलेली चादर अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून आली की आणखी कुठून, हे मानांकनाचे प्रमाणपत्र सांगू शकत नाही. ते सांगायचे तर प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक हवा.

क्यूआर कोड हा फक्त डबा आहे. त्यात काय भरायचे हा खरा प्रश्न. आणि ते बहुधा एखादा तरुण प्रोग्रॅमर जावास्क्रिप्ट या भाषेत लिहील, कारण वेबसाइट, मोबाइल ॲप आणि सर्व्हर या तिन्ही ठिकाणी ही भाषा चालते.

१, २, ३ असे अनुक्रमांक दिले तर बिघडते कुठे?

पावती पुस्तकाला अनुक्रमांक उत्तम. चादरीला नाही. ज्याच्या हाती ४५२१७ क्रमांकाची खरी चादर आहे, त्याला ४५२१८ हा क्रमांकही खराच असणार हे कळायला हुशारी लागत नाही. बनावट लेबल छापणाऱ्याला हजारो वैध क्रमांक फुकटात मिळतात.

दुसरा तोटा धंद्याचा आहे. महिन्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक चादर विकत घेतली, की दोन क्रमांकांच्या वजाबाकीतून प्रतिस्पर्ध्याला कारखान्याचे महिन्याचे उत्पादन समजते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हेच केले. हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांकांवरून त्यांनी ऑगस्ट १९४२ चे उत्पादन ३२७ असावे असा अंदाज बांधला. हेरखात्याचा आकडा होता १,५५०. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत सापडला ३४२.

काही क्रमांकांत मात्र अर्थ मुद्दाम ठेवलेला असतो. एमएच १३ म्हटले की गाडी सोलापूरची. पॅन क्रमांकाचे चौथे अक्षर पाहून तो व्यक्तीचा की कंपनीचा हे समजते. जमिनीचा १४ अंकी भू-आधार तर त्या तुकड्याच्या अक्षांश-रेखांशावरूनच तयार होतो, कारण जमीन जागची हलत नाही. आधार क्रमांकाच्या बाबतीत उलटा निर्णय झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या १२ अंकांत गाव, जात, जन्मसाल यांपैकी काहीच दडलेले नाही. क्रमांक पाहून माणसाबद्दल काही कळू नये, ही त्यामागची भूमिका. चादरीचा क्रमांक या दुसऱ्या जातकुळीचा असायला हवा.

रँडम क्रमांक किती लांब हवा?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सहा अंकी क्रमांक घेतला तर दहा लाख शक्यता आहेत, मग लाखभर चादरी सहज निभावतील, असे वाटते. प्रत्यक्षात क्रमांक रँडम निवडले आणि आधीचे तपासले नाहीत, तर साधारण १,१८० चादरी होईपर्यंतच कुठल्या तरी दोन चादरींना एकच क्रमांक पडण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. चार अंकी क्रमांक असेल तर १२० च्या आतच.

गणितात याला वाढदिवसाचे कोडे म्हणतात. लग्नाच्या पंगतीत एका ओळीत २३ जण बसले असतील, तर त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक असते. दिवस ३६५ असले तरी जोड्या २५३ होतात, म्हणून. क्रमांकांच्या बाबतीतही नग दुप्पट झाले की जोड्या चौपट होतात.

सराफ बाजारातले उदाहरण अधिक बोलके आहे. सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग २३ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी ‘एचयूआयडी’शिवाय हॉलमार्क असलेला दागिना विकण्यास बंदी आली. इंग्रजी २६ अक्षरे आणि १० अंक मिळून ३६ चिन्हे धरली, तर सहा जागांत सुमारे २१७ कोटी ६८ लाख क्रमांक बसतात. संख्या मोठी वाटते. पण केंद्र सरकारने २०२४ च्या अखेरीस दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत ४० कोटींहून अधिक दागिन्यांवर एचयूआयडी उमटला होता.

याचा अर्थ असा, की सगळी चिन्हे वापरात आहेत असे धरले तर कुणी मनाला येईल ती सहा अक्षरे कोरली, तरी साधारण पाचात एकदा तो क्रमांक कुठल्या ना कुठल्या खऱ्या दागिन्याचा निघेल. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकल्यावर ‘सापडला’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही, ते यासाठीच. ॲप सराफाचे नाव, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र दाखवते. हातात बांगडी आणि पडद्यावर अंगठी असेल, तर प्रश्न विचारायला हवा. क्रमांक लहान असण्याला कारणही आहे. नाजूक अंगठीवर लेसरने कोरायला जागा किती? दोन दागिन्यांना तोच क्रमांक पडू नये, याची जबाबदारी अशा वेळी मध्यवर्ती नोंदवहीवर येते.

चादरीवर जागेची अडचण नाही. तिचा क्रमांक दुप्पट लांब असायला हरकत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये घोळ कुठे होतो?

सर्वात सोपा आणि सर्वात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे ‘मॅथ.रँडम’. हे फंक्शन शून्य ते एकमधला एक दशांश अपूर्णांक देते. तो ३६ चिन्हांच्या पद्धतीत लिहायचा, पुढची दोन चिन्हे उडवायची, की क्रमांक तयार. ही एका ओळीची क्लृप्ती असंख्य प्रोग्रॅममध्ये उतरवली गेली आहे आणि आता एआयला विचारले तरी कधीकधी हीच हाती येते.

अडचण अशी, की मॅथ.रँडममधला ‘रँडम’पणा दिखाऊ असतो. सोलापूरकरांना यासाठी जेकार्ड मागाचे उदाहरण पुरेसे आहे. चादरीवरची नक्षी कितीही गुंतागुंतीची दिसली, तरी ती भोके पाडलेल्या कार्डांच्या साखळीतून येते. साखळी संपली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. आणि साखळी ज्याला माहीत, त्याला पुढचे कार्ड कोणते हे विणण्याआधीच सांगता येते. (संगणकांना छिद्रित कार्डांची कल्पना मिळाली तीही याच मागावरून, हा योगायोग नव्हे.)

मॅथ.रँडमही असेच चालते. आत एक स्थिती साठवलेली असते. ठरलेल्या सूत्राने तिच्यातून पुढचा आकडा निघतो आणि स्थिती बदलते. क्रोम ब्राउझर आणि नोड यांच्या पोटात असलेल्या ‘व्ही-एट’ इंजिनात २०१५ पर्यंत जे सूत्र होते, त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे आकडे बाहेर पडू शकत. वाढदिवसाच्या हिशेबाने ७७ हजार क्रमांकांतच पुनरावृत्तीची शक्यता निम्म्यावर. प्रत्यक्षात सूत्र त्याहूनही कमकुवत होते, काही स्थितींत आकडे फार लवकर फिरून येत. एका अमेरिकी कंपनीच्या अभियंत्याने आपल्या अनुभवासह हे जाहीरपणे मांडल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्ही-एटने सूत्र बदलले. फायरफॉक्स आणि सफारी यांनीही तेच नवे सूत्र स्वीकारले.

नव्या सूत्राची साखळी प्रचंड लांब आहे, दोनाचा १२८ वा घात वजा एक. पुनरावृत्तीची धास्ती त्यामुळे मिटली. अंदाजाची मिटली नाही. लागोपाठचे मोजके आकडे हाती आले, तर आतली स्थिती गणिताने शोधून पुढचे सगळे आकडे काढता येतात आणि त्यासाठी तयार साधने उपलब्ध आहेत. म्हणजे एका गठ्ठ्यातल्या काही चादरी विकत घ्यायच्या, त्यांचे क्रमांक टिपायचे आणि कारखाना उद्या कोणते क्रमांक छापणार ते आजच छापून मोकळे व्हायचे. खेळात फासे टाकायला, ॲनिमेशनमध्ये पाऊस पाडायला मॅथ.रँडम छान आहे. ओळख देण्यासाठी नाही.

दुसरी सवय वेळेची. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद उलटले, हा आकडाच क्रमांक म्हणून वापरला जातो. दोन शेडमधल्या दोन फोनवर एकाच क्षणी बटण दाबले गेले, तर दोघांना एकच क्रमांक. शिवाय चादर साधारण केव्हाची आहे हे कळले, की क्रमांकाचा अंदाज बांधणे सोपे.

हे दोष फक्त नवख्यांचे, असे मात्र नाही. डेबियन या नावाजलेल्या संगणक प्रणालीत २००६ मध्ये एका दुरुस्तीच्या वेळी यादृच्छिकतेचा बहुतेक स्रोतच चुकून काढला गेला. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तोवर जगभर तयार झालेल्या सुरक्षा-किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२,७६८ शक्यतांपैकीच एक होत्या. दीड वर्षाहून अधिक काळ कुणाला शंकाही आली नाही, कारण दिसायला त्या किल्ल्या अगदी रँडमच दिसत. कमकुवत क्रमांक डोळ्यांना ओळखू येत नाही, हाच यातला मोठा धोका.

मग योग्य मार्ग कोणता?

तो अवघड नाही, उलट आयता आहे. संगणक आणि फोन यांची ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राच्या आतील अनियमित घडामोडींतून खरी यादृच्छिकता गोळा करत असते. जावास्क्रिप्टमध्ये ‘क्रिप्टो’ या नावाखाली ती वापरता येते. ‘क्रिप्टो.रँडमयूयूआयडी’ ही एक सूचना दिली, की ३२ चिन्हे आणि ४ आडव्या रेघा असा ३६ जागांचा क्रमांक मिळतो. प्रमुख ब्राउझरमध्ये ही सोय २०२१-२२ पासून आहे; वेबसाइट ‘एचटीटीपीएस’वर असावी लागते, एवढीच अट.

यूयूआयडीच्या या चौथ्या प्रकारात १२२ बिट रँडम असतात. एकूण शक्यता ५३ वर ३५ शून्ये. दोन क्रमांक जुळण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे २७ हजार कोटी कोटी क्रमांक लागतील. सोलापुरातले सगळे माग युगानुयुगे चालले तरी तिथे पोहोचणार नाहीत. याचा व्यवहारातला फायदा असा, की क्रमांक देण्यासाठी मध्यवर्ती सर्व्हरला विचारण्याची गरज उरत नाही. शेडमध्ये नेट नसले, वीज गेली, तरी प्रत्येक फोन स्वतंत्रपणे क्रमांक तयार करू शकतो आणि जोडणी आली की नोंद वर पाठवू शकतो. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या प्रमाणात सातवा प्रकारही आहे. त्यात सुरुवातीला वेळ असते, त्यामुळे नोंदी क्रमाने लावणे सोपे होते. पण उत्पादनाचा क्षण बाहेर कळतो.

३६ जागांचा क्रमांक क्यूआर कोडमध्ये सहज मावतो. फोनवरून ग्राहकाला वाचून दाखवायला मात्र तो कठीण. लेबलवर छापायला १२ चिन्हांचा क्रमांक पुरेसा ठरतो, पण चिन्हे निवडताना एक बारकावा आहे. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’, ‘एल’ आणि एक यांत हमखास गोंधळ होतो. ‘ओ’, ‘आय’, ‘एल’ आणि ‘यू’ ही चार अक्षरे वगळली की ३२ चिन्हे उरतात. संगणक देत असलेल्या एका बाइटला २५६ किमती असतात आणि २५६ ला ३२ ने निःशेष भाग जातो. ३६ ने जात नाही, चार उरतात. त्यामुळे सरळ भागाकाराची बाकी वापरली, तर पहिली चार चिन्हे इतरांपेक्षा जास्त वेळा येतात. फरक छोटा, पण कारण नसताना का ठेवावा?

३२ चिन्हांच्या १२ जागांत दोनाच्या ६० व्या घाताइतके क्रमांक बसतात. दहा लाख चादरींत एखादी जोडी जुळण्याची शक्यता सुमारे २३ लाखांत एक. आणि अंदाजाने लिहिलेला क्रमांक खरा निघण्याची शक्यता १ लाख १५ हजार कोटींत एक. एचयूआयडीच्या पाचात एकशी याची तुलना केली, की लांबीचे मोल कळते. एवढे असूनही डेटाबेसमध्ये ‘हा क्रमांक पुन्हा येऊ देऊ नये’ अशी अट घालावीच. ती घालायला एक ओळ लागते.

जोडीला एक तपासणी चिन्ह असावे. आधारचा बारावा अंक असाच आहे. डच गणिती व्हेरहॉफ यांच्या १९६९ मधील पद्धतीने तो आधीच्या ११ अंकांवरून काढला जातो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक लगेच पकडली जाते. मात्र हे सूत्र सर्वांना माहीत असते. ते टंकलेखनातली चूक पकडते, लबाडी नाही.

एवढे केले की नक्कल थांबेल?

नाही. क्रमांक ओळख देतो, अस्सलपणाची हमी देत नाही. एका खऱ्या चादरीवरच्या कोडचा फोटो काढून त्याच्या दहा हजार प्रती छापणे हे कुठल्याही प्रिंटरला जमते आणि स्कॅन केल्यावर प्रत्येक प्रत ‘अस्सल’ असेच उत्तर देईल. केवळ क्यूआर कोड छापल्याने बनावट माल बंद होतो, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. नीट न राबवलेला कोड बनावट मालाची विश्वासार्हता वाढवतो.

नकलेला आळा बसतो तो क्रमांकाच्या इतिहासातून. चादर कोणत्या शहरातील दुकानाला गेली, आधी किती वेळा स्कॅन झाली, विकली गेल्याची नोंद आहे का, हे ग्राहकाला दिसले पाहिजे. पंढरपुरात घेतलेली चादर स्कॅन केल्यावर ‘यापूर्वी ६१२ वेळा तपासली गेली’ असे दिसले, तर गिऱ्हाईक आपसूक सावध होते. खरवडून काढायच्या पट्टीखाली दुसरा क्रमांक ठेवणे हा आणखी एक मार्ग. रिचार्ज कार्डांच्या काळात तो घरोघरी माहीत होता. त्यात खर्च वाढतो, आणि स्वस्त चादरीच्या नफ्यात तो बसवणे लहान कारखानदाराला जड जाते.

क्रमांकाला जोडलेली माहिती किती उघडी ठेवायची, हेही आधी ठरवावे लागते. विणकराचे नाव आणि मोबाइल क्रमांक स्कॅन करणाऱ्या प्रत्येकाला दिसावा का? नाव पुढे यावे असे अनेकांना वाटेल, मोबाइल नक्कीच नको. क्रमांक अंदाजाने काढता येणारा असेल, तर एखादा साधा प्रोग्रॅम रात्रभरात सगळ्या विणकरांची यादी उपसून काढू शकतो. इथेही संरक्षण देते ती रँडम लांबीच.

कायद्याची बाजू अशी, की १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात खोटे मानांकन वापरणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मानांकनाचे नाव वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. न्यायालयात मात्र ‘हा माल आमचा नाही’ एवढे म्हणून भागत नाही. एकच क्रमांक एकाच दिवशी सुरत, हैदराबाद आणि नागपूर येथे स्कॅन झाल्याची सर्व्हरवरील नोंद तिथे उपयोगी पडू शकते. तो सर्व्हर पाच-दहा वर्षे चालवायचा खर्च एकट्या कारखान्याला परवडणारा नाही, आणि चपलेच्या बाबतीत लिडकॉमने घेतली तशी जबाबदारी चादरीसाठी उत्पादकांच्या संघटनेने घ्यायची की सरकारी महामंडळाने, यावर कोडची किंमत ठरेल.